फॉस्फरसची तोंडी

"आत्या, मागच्या दाराची कडी काढून ठेव."

एवढं लांब वाक्य पौर्णिमा न अडखळता बोलली, त्यावरूनच मी ओळखलं की ते तिनं सकाळपासून मनात घोळवलंय. कॉलेजच्या प्रयोगशाळेमागच्या स्टोअरमध्ये आम्ही दोघीच होतो. पलीकडे बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षेची मांडामांड चालली होती आणि मी ब्युरेटी धुऊन उलट्या लावत होते.

"कशाला?"

"तोंडीला माझं नाव घेतलं की मी हात धुवायला म्हणून आत येणार. आणि तिकडनं सायकल काढून घरी."

"आणि परीक्षकांनी विचारलं, मुलगी कुठाय, तर?"

"तू सांग, उलटी झाली."

"म्हणजे तुझ्या उलट्यासुद्धा मीच काढायच्या."

एरवी ती हसली असती. आज तिनं ॲप्रनचं वरचं बटण लावलं, काढलं, परत लावलं. "चेष्टा नको गं. काढशील ना?"

मी हातातली ब्युरेट उजेडात धरून बघितली. स्वच्छ होती. तरी परत धुतली.

पौर्णिमा माझ्या थोरल्या भावाची मुलगी. वहिनी गेली तेव्हा ती बालवाडीत होती, आणि माझ्या नवऱ्यानं दुसरा संसार थाटल्यामुळं मी नुकतीच माहेरी आले होते. एका घराला बाई हवी होती आणि एका बाईला घर. दहावी पास होते म्हणून कॉलेजात प्रयोगशाळा परिचर म्हणून लागले. परिचर हा शब्द फक्त ऑर्डरीवर. तिथं मी सगळ्या पोरांची मंदामावशी, आणि घरी एकटीची आत्या.

पोरगी बोलताना अडायची. सगळीकडे नाही, ओठांवर ओठ ठेवून जी अक्षरं निघतात तिथं. प, फ, ब. आणि देवाची करणी अशी की नाव पौर्णिमा, आडनाव पिसाळ, गाव फलटण. कुणी सहज म्हणून नाव-गाव विचारलं की तिच्यापुढं डोंगरांची रांगच उभी राहायची. "दादा, बारशाला जरा विचार करायचा होतास," असं मी भावाला म्हणायचे, तर तो म्हणायचा, "तेव्हा ती बोलत होती का, मला कळायला?"

शंखातलं पाणी झालं, वेखंड उगाळून झालं, साताऱ्याचे डॉक्टर झाले. शेवटी तिचा उपाय तिनंच शोधला होता. अडणारा शब्द टाळायचा. पाणी हवं असलं तर "तहान लागली" म्हणायचं. पेन मागायचं तर "लिहायला दे काहीतरी". बापाला सगळी पोरं बाबा म्हणतात, ही आप्पा म्हणायला लागली ती त्यामुळंच. भाषेतल्या सगळ्या आडवाटा तिला पाठ होत्या. आणि जिथं आडवाट नव्हती तिथं आम्ही होतो. तिनं "फ" म्हटलं की मी फणी हातात द्यायची. "ब" म्हटलं की दादा म्हणायचा, "बस चुकली? चल, मी सोडतो." आमचं प्रेमच तसं होतं, घाईचं.

आता ती तिशी ओलांडलेली बाई आहे. तिचा फोन आला की आधी नुसती शांतता असते. नवीन माणूस हॅलो हॅलो करून ठेवून देतं. मी खुर्ची ओढून बसते. ही बसायची अक्कल मला त्या प्रॅक्टिकलच्या दिवशी आली, त्याआधी नव्हती.

दादाची पिठाची गिरणी होती. गिरणी चालू असली की पौर्णिमा घडाघडा बोलायची. त्या घरघरीत तिचं तिलाच ऐकू येत नसे, म्हणून असेल. दळणाला आलेल्या बायका म्हणायच्या, "अगं, ही तर केवढी बोलते!" दादाला त्यावरून वाटायचं, हीच तिची जागा. "बारावी होऊ दे," तो म्हणायचा, "मग बी.ए.ला बाहेरनं बस आणि इथं गिरणीत ये. इथं तुला कोण हसायचं नाही." त्याच्यात चिक्कूपणा नव्हता, भीती होती. नववीत वर्गातल्या कुणीतरी तिची नक्कल केली होती, त्यानंतर कितीतरी दिवस ती घरात शब्द बोलली नव्हती. मानेनंच हो, मानेनंच नाही. ते दिवस दादा विसरला नव्हता.

तिला मात्र केमिस्ट्री शिकायला पुण्याला जायचं होतं. त्यावरून बाप-लेकीचं भांडण व्हायचं. भांडण म्हणजे दादा बोलायचा आणि ती ताट आपटायची. शेवटी तो म्हणाला, "बरं. तोंडी परीक्षा देऊन ये. परक्या माणसानं विचारलं आणि तू तोंडानं उत्तर दिलंस, तर पुण्याला सोडतो. नाही जमलं तर परत पुण्याचं नाव काढायचं नाही."

सहामाहीच्या तोंडीला तिला ताप आला होता. तो ताप सरांना मीच जाऊन सांगितला होता. थर्मामीटरमध्ये तो कधी दिसला नाही.

केमिस्ट्री मला थोडी बाटल्यांनी शिकवली आणि थोडी तिनं. ॲसिडच्या वाफेनं बाटल्यांची लेबलं गळायची, ती परत लिहायचं काम माझ्याकडं. आमचे रणवरे सर चिठ्ठीवर लिहून द्यायचे, मी ते रांगोळीच्या ठिपक्यांसारखं गिरवायचे. गिरवून गिरवून कंटाळा आला तेव्हा विचारायला लागले, हा खाली बसलेला बारका आकडा कशाचा? इथं दोन, तिथं तीन, असं का? सर म्हणायचे, "मावशी, तुम्ही लेबल लावा हो." मग मी चिठ्ठ्या घरी न्यायला लागले.

एकदा असंच संध्याकाळी ओट्यावर बसून मी P₂O₅ लिहीत होते. फॉस्फरस पेंटॉक्साइड. पांढरी भुकटी, हवेतला ओलावा अशी ओढून घेते की बाटलीच्या बुचाला मेण लावून ठेवावं लागतं. जरा फट राहिली की आत नुसता चिकटा होतो. पौर्णिमा शेजारी उसळीचे भिजवलेले दाणे निवडत होती. तिनं माझ्या हातातला कागद बघितला.

"हे खोटं नाही," ती म्हणाली, "अगदी खरं म्हणशील तर तसंही नाही."

"म्हणजे काय गं?"

तिनं काडेपेटी आणली. चार हरभरे घेतले, त्यांच्या मधेमधे काड्या टोचून वाटाणे बसवले आणि तिच्या बोटांत बघता बघता एक छोटा पिंजरा उभा राहिला. मग चारी हरभऱ्यांना बाहेरच्या बाजूनं एकेक वाटाणा आणखी लावला, शिंगासारखा. "हरभरा म्हणजे ह्यातलं मुख्य," ती म्हणाली. फॉस्फरस म्हणायचं टाळून. "वाटाणे ऑक्सिजन. मोज."

मी मोजले. चारास दहा.

"आधी लोकांनी नुसतं जाळून वजन केलं. दोनास पा… पाच असं उत्तर आलं. तेच नाव होऊन गेलं. खरा रेणू असा आहे हे मागाहून कळलं, तो त्याच्या दुप्पट."

"मग नाव नाही सुधारलं?"

"सुधारलं की. टेट्राफॉस्फरस डेकॉक्साइड. चार हे, दहा ते. म्हणतंय कोण तसं? सगळे जुनंच म्हणतात."

मी तिच्याकडं बघत राहिले. एवढं लांबलचक नाव, मधे तो फ, आणि ती कुठंच थांबली नव्हती. ट-नं सुरुवात झाली की पुढचा फ तिला आडवा येत नसे. पळत आलेला माणूस ओढा ओलांडतो, तशी ती तो ओलांडून जायची.

"हे नवं नाव तुला का आवडतं ते कळलं मला," मी म्हणाले.

तिला हसू आलं. पिंजरा माझ्या तळहातावर ठेवून म्हणाली, "आत्या, ह्या अक्षरा-आकड्यांना तोंड लागत नाही. लिहिलं की झालं. म्हणून तर मला हा विषय आवडतो."

दुसऱ्या दिवशी त्या पिंजऱ्याची आम्ही उसळ केली. काड्या काढून.

तर परीक्षेचा दिवस. बाहेरचे परीक्षक म्हणून तांबोळी सर आले होते. बुटके, वयानं साठीला टेकलेले, मानेला पट्टा. मान वळवता येत नसल्यामुळं कुणाकडं बघायचं तर अख्खे वळायचे, त्यामुळं ते बघतायत हे सगळ्या खोलीला कळायचं.

प्रॅक्टिकलला कुठल्या पोराला कुठलं सॉल्ट ओळखायला आलंय ते मावशीनं सुचवायचं, ही रीत माझ्या आधीपासूनची. माझी पद्धत अशी की टेबल पुसायला जायचं आणि जी बाटली उपयोगाची, तिच्याशेजारी फडकं विसरून यायचं. रणवरे सर अशा वेळी खिडकीबाहेरचा कडुलिंब बघायचे. त्या दिवशी दोन-तीन टेबलं झाली असतील, तेवढ्यात तांबोळी सर पट्ट्यासकट माझ्याकडं वळले.

"मावशी, तुम्ही फडकी फार विसरता."

"वय झालं सर," मी म्हणाले.

"मग इथं बसा, माझ्या जवळ. विश्रांती घ्या."

तोंडीचं टेबल कोपऱ्यात, स्टोअरच्या दाराला लागून होतं. तिथं स्टूल टाकून मी बसले. बसण्याआधी आत जाऊन मागच्या दाराची कडी काढून आले. तिला थांबवायचं की जाऊ द्यायचं हे मला काही ठरवता आलं नाही. पळायचंच असेल तर निदान कडीशी झटापट करायला लागू नये, एवढंच सुचलं. दार थोडं किलकिलं राहिलं आणि उन्हाची एक पट्टी स्टोअरच्या फरशीवरून थेट उंबऱ्यापर्यंत आली.

मुलांना चौघा-चौघांनी बोलवत होते. पौर्णिमाचं नाव आलं. ती उठली, बेसिनपाशी गेली, हात धुतले. खूप वेळ धुतले. मी माझ्या स्टुलावर अंग चोरून घेतलं, तिला वाट मोकळी व्हावी म्हणून. तिनं ॲप्रनला हात पुसले, आत उन्हाच्या पट्टीकडं एकदा बघितलं आणि तांबोळी सरांच्या समोर येऊन उभी राहिली. तिच्याशेजारी तिची मैत्रीण अर्चना भोईटे. अर्चनानं तिच्या बोटात बोट अडकवलं.

बाकीच्यांची उत्तरं फटाफट झाली. काही बरोबर, काही नुसतीच फटाफट. मग सर पौर्णिमाकडं वळले. टेबलावर झाकणाचं जाड काचेचं भांडं होतं, ज्यात वस्तू कोरड्या ठेवतात.

"हे काय?"

"डेसिकेटर."

"खाली ही पांढरी भुकटी?"

"टेट्राफॉस्फरस डेकॉक्साइड."

ओढा पार. तांबोळी सरांच्या भुवया वर गेल्या.

"वा. हे नाव मुलांच्या तोंडून मी आज पहिल्यांदा ऐकतोय. फॉर्म्युला?"

तिनं समोरची पेन्सिल उचलली आणि कागदावर P₄O₁₀ काढलं. सरांनी बघितलं, हूं केलं.

"बरोबर. पण बाजारात जाऊन हे नाव घेशील तर दुकानदार तोंडाकडं बघेल. रोजचं नाव काय? बाटलीवर काय लिहिलेलं असतं?"

त्यांना काही माहीत नव्हतं. कुणालाही विचारतील तसंच त्यांनी विचारलं होतं. आणि ह्या प्रश्नाला आडवाट नव्हती. फ-नं सुरू होणारं ते नाव, त्याच्या मागोमाग प-चं दुसरं.

तिनं ओठ जुळवले आणि ते तसेच राहिले. मान एका अंगाला ओढली गेली, डोळे मिटले. "फ…" एवढंच, तेही वाऱ्यासारखं. मग परत काही नाही. मागच्या टेबलावर कुणाचातरी बर्नर फुरफुरत होता, तो एकदम मोठा झाल्यासारखा वाटला. अर्चना खाली बघून पुटपुटली, "फॉस्…"

रणवरे सर लगबगीनं पुढं आले. "सर, हिला जरा बोलण्याची अडचण आहे. मुलगी फार हुशार. ती लिहून देईल. लिहू दे ना तिला?"

"लिही की," तांबोळी सर म्हणाले आणि कागद पुढं सरकवला.

पौर्णिमानं डोळे उघडले. कागदाकडं बघितलं. मग माझ्या खांद्यावरून, आत, त्या किलकिल्या दाराकडं. मला वाटलं, गेली ही. आणि एकदम माझं मलाच काय झालं कोण जाणे, मी स्टुलावरून उठले आणि चांगली मोठ्यानं म्हणाले, "फॉ…"

तिनं हात वर केला. तळहात माझ्याकडं.

अर्चनाकडं नाही, रणवरे सरांकडं नाही. माझ्याकडं.

मी गप्प झाले, पण तोंड तसंच उघडं राहिलं होतं आणि त्या तोंडाचा आकार मला जाणवला. तिचा शब्द माझ्या तोंडात पुरता तयार होऊन बसला होता. इतकी वर्षं तो तिथंच असायचा. तिनं सुरुवात करायची खोटी. मी ओठ मिटले, खाली बसले आणि हात मांडीखाली घेतले.

तांबोळी सरांनी तिचा तो हात बघितला. मग पेन्सिलही उचलून स्वतःच्या खिशाला लावली आणि खुर्चीत मागं टेकून बसले, गाडीला अजून अवकाश आहे हे कळलेला माणूस फलाटावर बसतो तसे. तिच्या तोंडाकडं बघत नव्हते, डेसिकेटरकडं बघत होते.

"फ… फ्फ…"

नळाचं पाणी थेंब थेंब पडत होतं. रणवरे सरांनी घसा खाकरला आणि लगेच रुमाल तोंडाला लावला.

"फॉस्… फरस."

ती थांबली, श्वास घेतला. आम्हीही घेतला असावा.

"पें… पें… पें… पेंटॉक्साइड."

कपाळावरून घाम ओघळत होता. मला वाटलं, सुटली, आता सर म्हणतील बस. सर तसेच डेसिकेटरकडं बघत म्हणाले, "बरोबर. ह्याचा एक धाकटा भाऊ असतो. त्याचं नाव?"

मला त्या क्षणी त्या माणसाचा मानेचा पट्टा आवळावासा वाटला. पण पौर्णिमाच्या तोंडाकडं बघितलं तर तिथं काहीतरी निराळंच होतं. तिला राग आला नव्हता. तिला पुढचा प्रश्न विचारला गेला होता.

"फ… फॉस्फरस ट्रायॉक्साइड." ह्या वेळी अडणं होतंच, जरा कमी होतं, नाहीतर मला तसं वाटलं असेल. "त्याचाही खरा रेणू दुप्पट आहे, सर. चारास सहा. म… मेणासारखा असतो. लसणासारखा वास."

"दोघांत फरक कशानं पडतो? फॉस्फरस तर तोच."

"हवेनं."

"कसा?"

आणि मग ती बोलायला लागली. टेबलावर काड्या नव्हत्या, हरभरे नव्हते. हातांनीच तिनं हवेत तो पिंजरा उभा केला. "जळताना हवा कमी मिळाली की हा सहावरच थांबतो. ह्या चौघांची एकेक जागा मोकळीच राहते, इथं, बा… बाहेरच्या अंगाला. आणि हवा भ… भ… भरपूर मिळाली की मग त्या जागा भरतात. मग दहा."

मधे मधे अडत होती. प्रत्येक अडण्याला खोली थांबत होती. मागच्या टेबलांवरची पोरंही थांबली होती. कुणाच्या तरी बीकरमधलं उतू गेलं, ते चर्र झालं आणि कुणी तिकडं वळलं नाही. रणवरे सर आता कडुलिंब बघत नव्हते.

तिचं संपलं तेव्हा तांबोळी सर पट्ट्यासकट तिच्याकडं वळले. "ठीक. या आता," म्हणाले. सगळ्यांना म्हणत होते तेवढंच, शब्दानं कमी नाही की जास्त नाही.

सगळं आटोपल्यावर मी त्यांना चहा नेऊन दिला. राहवलं नाही म्हणून विचारलं, "सर, त्या मुलीला बोलायला फार वेळ लागला. त्याचं काही…?"

"तुमची कोण ती?"

"भाची. भावाची मुलगी."

त्यांनी चहा बशीत ओतला, मान न वाकवता बशी तोंडाशी नेली. "बाई, गुण उत्तराला असतात. वेळेचे किती कापायचे, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही." बशी खाली ठेवून पुढं म्हणाले, "फडक्याचे असते तर तुम्हाला मात्र पैकीच्या पैकी दिले असते."

मागच्या दाराची कडी मी लावली, कुलूप घातलं. पौर्णिमा पुढच्या फाटकाशी सायकल धरून उभी होती. वाटेत एका चढाला ती उतरली, मी उतरले, सायकली ढकलत गेलो. मधेच तिनं माझ्या कोपराला धक्का दिला, मी तिच्या. तेवढंच.

घरी येऊन मी चूल पेटवली. पौर्णिमा चुलीसमोर गुडघ्यांवर हनुवटी ठेवून बसली. दादा गिरणी बंद करून आला. भुवया पिठानं पांढऱ्या, हातात टोपी. दारातच उभा राहून त्यानं मला विचारलं, नेहमी विचारायचा तसं.

"काय गं मंदे, दिली का तिनं?"

मी भाकरी थापत राहिले.

"मंदे, तुला विचारतोय."

"तिला विचार."

"तिला काय विचारू? तू होतीस ना तिथं?"

"होते. पण परीक्षा तिची होती."

दादा पाटावर टेकला. पौर्णिमाकडं वळला. तिचे ओठ जुळले.

"प…"

"पास?" दादा म्हणाला.

तिनं मान हलवली. नाही.

"नापास केलं त्यांनी?" आवाजच बदलला त्याचा. "मी म्हणत होतो की नाही? उगीच पोरीला…"

तिनं परत मान हलवली, जोरात. "प…"

"पळून आलीस? असू दे. आली तर आली. पोरी, त्याच्यात काय एवढं. आपली गिरणी…"

"दादा," मी म्हणाले, "जरा गप बस. तिचं अजून व्हायचंय."

मी त्याला असं कधी बोलले नव्हते. तो माझ्याकडं बघत राहिला. मग तिच्याकडं. त्याचे ओठ एकदा हलले, पुढचा शब्द आत तयार असणारच. त्यानं हातातली टोपी तोंडावर धरली आणि तशीच धरून ठेवली.

गिरणी बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. तिची मान ओढली गेली, डोळे मिटले, परत उघडले. भाकरीचा वास बदलला. एका बाजूनं ती करपायला लागली होती, आम्हां तिघांनाही ते कळत होतं. उलथनं माझ्या हाताशी होतं. कुणी हललं नाही.

"पु… पु… पुण्याला," ती म्हणाली, "सोडायला तुम्ही येणार ना, आप्पा?"

दादानं तोंडावरची टोपी खाली घेतली. काहीतरी बोलायला गेला आणि त्याला ते बोलता येईना. पिठाच्या भुवयांखाली डोळे भरून आले होते.

त्याला वेळ लागला. आम्ही दोघी थांबलो.